गंधकाच्या भट्टीपासून अष्टकाच्या नियमापर्यंत

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील शाळांना विज्ञान सहलीसाठी फार लांब जावे लागत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की जवळपास एखादा साखर कारखाना चालू असतोच. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांचे पाणी खालच्या कोरड्या पट्ट्यात पोहोचले आणि तिथे ऊस उभा राहिला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली लोणीजवळ सहकारी साखर कारखाना निघाला. त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ सालचा. आज त्या जागेला आपण प्रवरानगर म्हणतो. पुढे जिल्ह्यात आणि राज्यात असे अनेक कारखाने उभे राहिले.

सहलीला गेलेली मुले गव्हाणीत पडणारा ऊस पाहतात, गिरण्या पाहतात, बॉयलरसमोर उभी राहतात. मग एका ठिकाणी नाकाला झोंबणारा वास येतो आणि सगळी रुमाल शोधू लागतात. तिथे गंधकाची भट्टी असते. साखरेच्या कारखान्यात गंधक कशाला, हा मुलांचा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर तिथले केमिस्ट देतात. दुसरा प्रश्न मात्र सहलीनंतर वर्गात येतो आणि त्याचे उत्तर आपल्याला द्यायचे असते. गंधकाच्या बाह्यतम कवचात सहा इलेक्ट्रॉन, म्हणजे अष्टक पूर्ण व्हायला दोन कमी. मग त्याची संयुजा दोनच हवी. तरीही सल्फर डायऑक्साइडमध्ये ती चार आणि सल्फ्युरिक आम्लात सहा कशी?

हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही अनेक वर्षे एकच उत्तर देत आलो : "तो अपवाद आहे. पुढच्या इयत्तेत शिकशील." पुढच्या इयत्तेत त्याला जे उत्तर मिळे, तेही आता जुने झाले आहे. या लेखात आपण या प्रश्नाचा इतिहास पाहू. तो पाहिल्यावर लक्षात येते, की अष्टकाचा नियम ज्याने मांडला, त्याला हे अपवाद पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

कारखान्यातील गंधक आणि स्फुरद

प्रथम कारखान्यातील रसायनशास्त्र थोडक्यात पाहू. उसाचा ताजा रस गढूळ आणि काळपट हिरवा असतो. त्यात प्रथिने, मेण, रंगद्रव्ये, मातीचे कण अशी बरीच अशुद्धी असते. रस सुमारे ७० अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्यात चुन्याचे दाट पाणी घालतात आणि त्याच वेळी भट्टीत गंधक जाळून तयार झालेला सल्फर डायऑक्साइड वायू सोडतात. चुना आणि हा वायू यांच्यापासून कॅल्शियम सल्फाइटचा साका तयार होतो. खाली बसताना तो बरीचशी अशुद्धी बरोबर घेऊन जातो. रसाचा सामू सातच्या आसपास ठेवतात, कारण रस फार आम्लधर्मी झाला तर साखरेचे विघटन होते आणि फार अल्कधर्मी झाला तर रंग वाढतो. निवळलेला रस आटवल्यावर त्या पाकातून हा वायू पुन्हा एकदा सोडतात, त्यामुळे रंग आणखी उतरतो. या पद्धतीला दुहेरी सल्फिटेशन म्हणतात. टनभर उसामागे साधारण अर्धा किलो गंधक लागते. रोज पाच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात दिवसाला दोन-अडीच टन गंधक जळते.

रस नीट निवळण्यासाठी त्यात फॉस्फेटही पुरेसे असावे लागते. दहा लाख भाग रसात सुमारे तीनशे भाग फॉस्फेट (फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबात) असले तर काम चांगले होते. कमी पडल्यास फॉस्फरिक आम्ल मिसळतात. हाच फॉस्फरस शेतकऱ्याच्या बोलण्यात 'स्फुरद' म्हणून येतो, आणि सुपर फॉस्फेट किंवा डीएपीच्या गोणीतून शेतात जातो.

आता कारखान्यातून जवळच असलेल्या बाभळेश्वरकडे वळू. तिथे ४०० किलोव्होल्टचे वीज उपकेंद्र आहे. अशा मोठ्या दाबाच्या उपकेंद्रांतील सर्किट ब्रेकरमध्ये बहुधा सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा वायू भरलेला असतो. प्रवाह तोडताना निर्माण होणारी विजेची ठिणगी तो विझवतो. त्याची विद्युतरोधक क्षमता हवेच्या सुमारे अडीचपट आहे. या वायूच्या रेणूत एका गंधकाभोवती सहा फ्लोरिनचे अणू असतात. प्रत्येक बंधासाठी एक जोडी धरली तर गंधकाभोवती बारा इलेक्ट्रॉन होतात!

म्हणजे आपल्याच परिसरात दोन प्रकारची उदाहरणे मिळाली. सल्फर डायऑक्साइड, सल्फेट आणि फॉस्फेट हा एक गट. सल्फर हेक्झाफ्लोराइड आणि त्याचा भाऊबंद फॉस्फरस पेंटाक्लोराइड हा दुसरा गट. हे दोन गट वेगळे ठेवायचे आहेत, हे ध्यानात असू द्यावे. बराचसा गोंधळ ते एकत्र केल्याने होतो.

आठाचा आकडा कोठून आला?

इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ सालचा. आठाचा आकडा त्याच्याही आधीचा आहे. मूलद्रव्याची हायड्रोजनशी असलेली संयुजा आणि ऑक्सिजनशी असलेली सर्वांत मोठी संयुजा यांची बेरीज पुष्कळदा आठ येते, हे मेंडेलीव्हच्या लक्षात आले होते. गंधकाचेच पाहा. हायड्रोजन सल्फाइडमध्ये दोन, सल्फर ट्रायऑक्साइडमध्ये सहा, बेरीज आठ. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड अबेग यांनी १९०४ साली हा नियम विद्युतभारांच्या भाषेत मांडला.

इथे एक गमतीची गोष्ट नोंदवायला हवी. गंधकाची सहा ही संयुजा आज आपण आठाच्या नियमाचा अपवाद म्हणून शिकवतो. पण जुन्या आठाच्या नियमाला ती सहाच आधार देत होती.

अमेरिकेत गिल्बर्ट न्यूटन लुईस हे १९०२ साली हार्वर्ड विद्यापीठात प्राथमिक रसायनशास्त्र शिकवत होते. आवर्तसारणीमागची कल्पना विद्यार्थ्यांना कशी समजावून द्यावी, या विचारात असताना त्यांनी कागदावर घन काढले आणि घनाच्या कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन मांडले. घनाला कोपरे आठ. सोडियमचा एक कोपरा भरलेला, क्लोरिनचे सात, आणि आठही भरले की निष्क्रिय वायूसारखी स्थिर रचना. अष्टकाची कल्पना अशी वर्गात शिकवताना सुचलेली आहे. शिक्षकांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी.

ती टिपणे चौदा वर्षे तशीच पडून राहिली. १९१६ साली लुईस यांनी अणू आणि रेणूंवरील आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. तोपर्यंत ते कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे आले होते. दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनची एक जोडी वाटून घेतली जाते आणि तोच रासायनिक बंध, ही नवी कल्पना त्या निबंधात होती. त्याच वर्षी जर्मनीत वॉल्टर कोसेल यांनी इलेक्ट्रॉनची देवघेव होऊन आयन कसे बनतात ते मांडले. आपल्या पाठ्यपुस्तकातील सहसंयुज बंध आणि आयनिक बंध हे दोन धडे त्या एकाच वर्षाचे आहेत.

नियमाच्या आधीचे अपवाद

आता अपवादांच्या तारखा पाहू. फॉस्फरस पेंटाक्लोराइड एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून माहीत होते. त्यावरून वादही झाला होता. ऑगस्ट केक्युले यांच्या मते मूलद्रव्याची संयुजा ठरलेली असते, फॉस्फरसची तीन. मग पाच क्लोरिन कसे? त्यांचे उत्तर असे, की हा खरा रेणू नव्हे. फॉस्फरस ट्रायक्लोराइड आणि क्लोरिन यांचे दोन वेगळे रेणू सैलसर चिकटलेले आहेत. या म्हणण्याला प्रयोगाचा आधारही होता. पेंटाक्लोराइड तापवले की त्याचे ट्रायक्लोराइड आणि क्लोरिनमध्ये विघटन होते.

पण १८७०च्या दशकाच्या मध्यात इंग्रज रसायनशास्त्रज्ञ थॉर्प यांनी फॉस्फरस पेंटाफ्लोराइड तयार केले. हा वायू होता आणि तो पेंटाक्लोराइडसारखा सहज फुटत नव्हता. एका फॉस्फरसला पाच फ्लोरिन धरून असलेला हा एकसंध रेणू होता.

त्यानंतर १९०१ साली फ्रान्समध्ये आंरी मोअसाँ आणि पॉल लेबो यांनी गंधकावर फ्लोरिन वायू सोडून सल्फर हेक्झाफ्लोराइड मिळवले. मोअसाँ यांनीच १८८६ साली मूलद्रव्यरूप फ्लोरिन प्रथम वेगळे केले होते. नवा वायू रंगहीन, गंधहीन आणि हवेच्या पाचपट जड निघाला. पाण्याशी त्याची अभिक्रिया होईना. अष्टकाबाहेरचा रेणू अस्थिर असेल अशी आपली समजूत असते. इथे उलटेच दिसते. या वायूच्या स्थिरतेमुळेच तो सर्किट ब्रेकरमध्ये उपयोगी पडतो, आणि त्याच गुणामुळे आज चिंतेचाही विषय झाला आहे. हवेत सुटलेला हा वायू शेकडो वर्षे टिकतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चोवीस-पंचवीस हजार किलोंइतकी तापमानवाढ घडवतो.

तात्पर्य, लुईस यांनी १९१६ साली निबंध लिहिला, त्या वेळी हे दोन्ही रेणू त्यांच्यासमोर होते. म्हणूनच त्यांनी आपले विधान जपून केले : बाह्य कवचात इलेक्ट्रॉनची संख्या सम असण्याकडे, आणि विशेषतः ती आठ असण्याकडे अणूचा कल असतो. 'कल' म्हटले, 'कायदा' म्हटले नाही. १९२३ साली संयुजेवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी आणखी स्पष्ट केले, की जोडीचा म्हणजे दोनाचा नियम आठाच्या नियमापेक्षा अधिक मूलभूत आहे.

कल कायदा कसा झाला?

'अष्टक' हा शब्द लुईस यांचा नव्हे. तो अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१९ साली रूढ केला. 'सहसंयुज' या अर्थाची इंग्रजी संज्ञाही त्यांचीच. लँगम्यूर जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत. ते उत्तम वक्ते होते. त्यांच्या व्याख्यानांमुळे ही उपपत्ती जगभर पोहोचली. पण पोहोचताना ती ताठर झाली. रेणूतील अणू आणि इलेक्ट्रॉन मोजून बंधांची संख्या काढण्याचे एक साधे समीकरण त्यांनी दिले. समीकरण हाती आले, की अपवाद नकोसे होतात.

पेंटाक्लोराइडसाठी लँगम्यूर यांनी असे सुचवले, की चार क्लोरिन फॉस्फरसशी जोडीने जोडलेले असावेत आणि पाचवा क्लोराइड आयन म्हणून बाजूला असावा. म्हणजे अष्टक शाबूत! पुढे १९४२ साली क्ष-किरणांनी घन पेंटाक्लोराइडची रचना तपासली गेली, तेव्हा त्यात खरोखरच आयन सापडले. एका आयनात फॉस्फरसभोवती चार क्लोरिन होते, पण दुसऱ्यात सहा! वायुरूपात मात्र पाच क्लोरिन असलेला एकसंध रेणूच असतो. लँगम्यूर अर्धे बरोबर निघाले.

'डी' ऑर्बिटलचे उत्तर

१९३१ साली लायनस पॉलिंग यांनी क्वांटम यामिकीच्या आधारे संकरणाची कल्पना मांडली. कार्बनचे एक 'एस' आणि तीन 'पी' ऑर्बिटल मिसळून चार सारखी ऑर्बिटल होतात, हे आपण शिकवतोच. संक्रमण धातूंच्या संयुगांत 'डी' ऑर्बिटलही भाग घेतात, हे त्यांनी दाखवले. तीच पद्धत पुढे गंधक आणि फॉस्फरसला लावली गेली. तिसऱ्या कवचात 'एस' आणि 'पी' बरोबर 'डी' ऑर्बिटलनाही जागा आहे. गंधकातील दोन इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या 'डी' ऑर्बिटलमध्ये चढले, की सहा सुटे इलेक्ट्रॉन मिळतात आणि सहा बंध होतात. अकरावी-बारावीच्या अनेक पुस्तकांत हेच स्पष्टीकरण 'विस्तारित अष्टक' या नावाने आलेले आहे.

या स्पष्टीकरणाचा जोर कशात होता? नायट्रोजन ट्रायफ्लोराइड मिळते, पेंटाफ्लोराइड मिळत नाही. ऑक्सिजनभोवती सहा फ्लोरिन बसत नाहीत. दुसऱ्या कवचात 'डी' ऑर्बिटल नसतातच, म्हणून असे होते, असे सांगता येई. उत्तर सोपे, नीटनेटके आणि फळ्यावर मांडता येण्याजोगे होते. आम्हीही ते आवडीने शिकवले.

पण एक साधा प्रश्न राहतो. गंधकाजवळ 'डी' ऑर्बिटल आहेत, तर सहा हायड्रोजन असलेले संयुग का मिळत नाही? त्यावर अशी पुरवणी जोडण्यात आली, की फ्लोरिनसारखे विद्युतऋण शेजारी गंधकाची पसरट 'डी' ऑर्बिटल आकसवतात, हायड्रोजनला ते जमत नाही. दुसरा प्रश्न ऊर्जेचा. ही ऑर्बिटल इतक्या वरच्या ऊर्जेवर असतात, की तिथे इलेक्ट्रॉन चढवण्याचा खर्च बंधातून भरून येणे कठीण. संगणकावर अचूक आकडेमोड शक्य झाल्यावर हा प्रश्न तपासता आला. १९८०च्या दशकात आणि विशेषतः १९९० साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांत निष्कर्ष निघाला, की अशा रेणूंत 'डी' ऑर्बिटलचा वाटा फार थोडा असतो. त्यांच्यामुळे इलेक्ट्रॉनच्या वाटणीत किंचित सुधारणा होते, पण मुख्य बंध त्यांच्यावर उभे नसतात.

तीन अणू, चार इलेक्ट्रॉन

मग सहा फ्लोरिन कशाने धरले जातात? याचे उत्तर खरे तर आधीच तयार होते. १९५१ साली जॉर्ज पिमेंटेल यांनी, आणि स्वतंत्रपणे रॉबर्ट रंडल यांनी, एका वेगळ्या बंधाची कल्पना मांडली होती. त्याला तीन केंद्रे, चार इलेक्ट्रॉन असा बंध म्हणतात.

समजा, तीन अणू एका रेषेत आहेत. मधला आपला मुख्य अणू आणि दोन्ही टोकांना फ्लोरिन. प्रत्येकाचे एक याप्रमाणे तीन ऑर्बिटल एकत्र येतात आणि त्यांच्यापासून तीन नवी ऑर्बिटल तयार होतात. सर्वांत खालचे तिन्ही अणूंवर पसरलेले असते, तेच बंध घडवते. मधले फक्त टोकांच्या फ्लोरिनवर असते. मधल्या अणूवर त्याचा वाटा शून्य. सर्वांत वरचे बंध तोडणारे, ते रिकामे राहते. चार इलेक्ट्रॉन भरले, की एक जोडी तिघांची होते आणि दुसरी जोडी टोकांवर राहते. म्हणजे दोन शेजारी धरले गेले, पण मधल्या अणूच्या वाट्याला जोडी एकच आली.

आता सल्फर हेक्झाफ्लोराइडचा हिशेब करू. सहा फ्लोरिन एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन रेषांच्या टोकांवर बसलेले आहेत. बंधांसाठीचे एकूण इलेक्ट्रॉन बारा, म्हणजे सहा जोड्या. गंधकाची एक 'एस' आणि तीन 'पी' अशी चार ऑर्बिटल वापरून चार बंधकारक ऑर्बिटल मिळतात, त्यांत चार जोड्या बसतात. उरलेल्या दोन जोड्या केवळ फ्लोरिनवर असतात. चार जोड्या म्हणजे आठ इलेक्ट्रॉन! गंधकाशी ज्यांचा संबंध आहे, ते आठच भरले. आणि चार जोड्या सहा बंधांत वाटल्या गेल्याने प्रत्येक बंध पूर्ण जोडीचा न राहता सुमारे दोन तृतीयांश जोडीचा ठरतो.

हे चित्र खरे असेल, तर त्याचा पडताळा दिसला पाहिजे. फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये तो दिसतो. पाचपैकी तीन क्लोरिन मधल्या प्रतलात त्रिकोणाच्या टोकांवर असतात, त्यांचे बंध नेहमीचे. वर आणि खाली असलेले दोन क्लोरिन फॉस्फरससह एका रेषेत येतात; त्यांच्यात एकच जोडी वाटलेली. तेव्हा हे दोन बंध कमकुवत, म्हणून लांब असायला हवेत. मोजमाप केल्यावर ते खरोखरच पाच-सहा टक्क्यांनी लांब भरतात.

फ्लोरिनच का, हेही आता कळते. एक-दोन जोड्या पूर्णपणे शेजाऱ्यांवर ठेवायच्या असतील, तर शेजारी इलेक्ट्रॉन धरून ठेवणारा हवा. फ्लोरिन, ऑक्सिजन, क्लोरिन यांना ते जमते, हायड्रोजनला जमत नाही. आणि ऑक्सिजन किंवा नायट्रोजन मध्यभागी का बसत नाहीत? एक तर त्यांचे अणू लहान; पाच-सहा शेजारी भोवती दाटीवाटीने उभे राहायला जागा नाही. दुसरे, ते स्वतःच इलेक्ट्रॉन सहज सोडणारे नाहीत. आकार आणि विद्युतऋणता या दोन गोष्टींनी बहुतेक उलगडा होतो, आणि या दोन्ही गोष्टी दहावीच्या विद्यार्थ्याला माहीत असतात.

या विचाराला मोठे बळ मिळाले ते निष्क्रिय वायूंमुळे. अष्टक पूर्ण झालेला झेनॉन संयुग बनवणार नाही, असे बहुतेकांनी धरले होते. १९६२ साली कॅनडात नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग मिळवले आणि लवकरच झेनॉनची फ्लोराइडेही तयार झाली. झेनॉन डायफ्लोराइडमध्ये तिन्ही अणू एका रेषेत असतात. झेनॉनच्या तीन जोड्या स्वतःच्या आणि चौथी तिघांत वाटलेली. हिशेब पुन्हा आठ. १९६९ साली जेरेमी मुशर यांनी अशा सर्व रेणूंना एक नाव दिले. मराठीत त्यांना 'अतिसंयुजी' म्हणता येईल.

मग सल्फेट आणि फॉस्फेटचे काय?

आता पहिल्या गटाकडे, म्हणजे कारखान्यातील पदार्थांकडे परतू. सल्फेट आयनाची आकृती दोन प्रकारे काढतात. एकीत गंधकाला दोन दुहेरी आणि दोन एकेरी बंध असतात. गंधकाभोवती बारा इलेक्ट्रॉन होतात. दुसरीत चारही बंध एकेरी. गंधकाभोवती आठच इलेक्ट्रॉन, पण गंधकावर धन आणि ऑक्सिजनवर ऋण भार दाखवावा लागतो. लुईस स्वतः दुसऱ्या पद्धतीने काढीत. पुढे पहिली पद्धत रूढ झाली, कारण भार दाखवणे टळते. शिवाय गंधक आणि ऑक्सिजन यांच्यातील अंतर एकेरी बंधापेक्षा कमी भरते, तेव्हा बंध दुहेरीच असला पाहिजे असे वाटे. पण धन आणि ऋण भारांच्या आकर्षणानेही अंतर कमी होते. २०१२ साली पोटॅशियम सल्फेटच्या स्फटिकातील इलेक्ट्रॉनची घनता क्ष-किरणांनी बारकाईने मोजण्यात आली. त्या मोजमापातून दिसले, की हे बंध बरेच ध्रुवीय असून एकेरी बंधाच्याच जवळ आहेत. फॉस्फेटचीही कथा अशीच. सल्फर डायऑक्साइडमध्ये एक दुहेरी आणि एक सहसमन्वयी बंध काढला, की अष्टक पाळले जाते. फक्त दोन्ही बंध प्रत्यक्षात सारखे असल्याने अशा दोन आकृत्यांचा संमिश्र विचार करावा लागतो.

म्हणजे या गटात गंधकाला अष्टक ओलांडावे लागलेलेच नाही. ते आपल्या रेघांनी ओलांडले. एक फरक मात्र खरा आहे, आणि तो शेतकऱ्याच्या भाषेत सांगता येतो. नत्र नायट्रेटच्या रूपात पिकाला मिळते, त्यात तीन ऑक्सिजन. स्फुरद फॉस्फेटच्या रूपात मिळते, त्यात चार. दोघे आवर्तसारणीच्या एकाच गणातले, पण नत्राचा अणू लहान असल्याने त्याच्याभोवती चौथा ऑक्सिजन सहजासहजी मावत नाही.

वर्गात काय सांगावे?

आम्हाला इथे एक कबुली द्यायची आहे. सल्फ्युरिक आम्लाच्या आकृतीत चारही बंध एकेरी काढून भार दाखवणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आम्ही स्वतः कापले आहेत. उत्तरपत्रिकेसोबतच्या आदर्श उत्तरात दुहेरी बंध होते, एवढेच कारण. तो विद्यार्थी नियमाला धरून विचार करीत होता आणि आजच्या मोजमापांच्या अधिक जवळ होता. कापलेला गुण परत देता येत नाही. निदान पुढच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तरी तसे होऊ नये.

त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहायला नको. पहिली गोष्ट, अष्टकाचा नियम शिकवतानाच तो कोठे चांगला चालतो ते सांगावे : कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन यांच्या बाबतीत त्यांच्याभोवती आठापेक्षा जास्त दाखवू नयेत. दुसरी, तिसऱ्या आवर्तनापासून खाली मध्यवर्ती अणूभोवती पाच-सहा शेजारी बसू शकतात, असे म्हणावे. कारण म्हणून अणूचा मोठा आकार आणि शेजाऱ्यांची विद्युतऋणता सांगावी. तिसरी, रेणूचा आकार काढायला 'डी' ऑर्बिटलची गरज नाही. इलेक्ट्रॉनच्या जोड्या एकमेकींना दूर सारतात, हे १९५७ साली गिलेस्पी आणि नायहोम यांनी मांडलेले तत्त्व पुरेसे आहे. परीक्षेत संकरणाचे नाव विचारले, तर विद्यार्थ्याने ते लिहावे. पण ते आकाराचे नाव आहे, बंधाचे कारण नव्हे, हे त्याला माहीत असावे.

एक छोटा उपक्रमही करून पाहता येईल. पाच-सहा शेजारी असलेल्या रेणूंची यादी विद्यार्थ्यांना पुस्तकांतून गोळा करायला सांगावी. दोन रकाने करावेत, मधला अणू कोणता आणि शेजारी कोणते. मधल्या रकान्यात फॉस्फरस, गंधक, आयोडिन, झेनॉन येतील. शेजाऱ्यांच्या रकान्यात फ्लोरिन, क्लोरिन, ऑक्सिजन पुन्हा पुन्हा येतील. मग काहीही न सांगता विचारावे, की यावरून काय दिसते? नियम असा हाती लागला, की तो पाठ करावा लागत नाही.

लुईस यांनी आठ कोपऱ्यांचा घन विद्यार्थ्यांसाठी काढला होता. पुढे अणू घनासारखे नसतात हे कळले आणि तो घन त्यांनीच बाजूला ठेवला. इलेक्ट्रॉनची जोडी तेवढी ठेवली. पुढच्या हंगामात आपण पुन्हा मुलांना घेऊन कारखान्यात जाऊ. गंधकाच्या भट्टीपाशी कोणी तरी नाक धरून विचारील, की याला दोनच हात असताना ते चार-सहा कसे होतात. या वेळी "अपवाद आहे" असे म्हणून पुढे न जाता, दोन मिनिटे तिथेच थांबून कागदावर इलेक्ट्रॉन मोजायला बसावे.